विसाव्या शतकाच्या आरंभीची आपली घरे विद्यार्थ्यांना कशी शिकवावीत?

रेघोटी
नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवते. साधारण १९०० ते १९४० या काळात महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांत सामान्य माणसे कोणत्या प्रकारच्या घरांत राहत होती, यावर या सत्रात नववीच्या वर्गासाठी सहा तासिकांचा प्रकल्प घ्यायचा आहे. गेल्या वर्षी हाच विषय मी दोन तासिकांत उरकला आणि तो फसला. फळ्यावर चार रकाने आखून त्यांत कोकणातले कौलारू घर, देशावरचा वाडा, मराठवाड्यातले माळवद म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर आणि मुंबईची चाळ अशी नावे लिहिली, प्रत्येकाखाली पाच-पाच वैशिष्ट्ये दिली आणि मुलांनी ती इमानेइतबारे वहीत उतरवून घेतली. परीक्षेत ‘ओटी म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना आले. ‘लातूरकडच्या जुन्या घरांना उतरते छप्पर का नाही’ या प्रश्नाला मात्र एका मुलाने ‘कारण तिकडच्या लोकांना सपाट छप्पर आवडते’ असे उत्तर लिहिले. त्याला शून्य गुण देताना ते मलाच मिळाल्यासारखे वाटले.

आमची मुले शहरात वाढलेली आहेत. कडीपाट (कड्या-फळ्यांचे छत), बळद (धान्य साठवायची जागा), माजघर (घराची मधली खोली) हे शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले नाहीत आणि त्यांतल्या बहुतेकांनी सारवलेल्या जमिनीवर कधी पाऊल ठेवलेले नाही. अशा वर्गात सुरुवात कुठून करावी? घराच्या भागांच्या नावांपासून, हवापाण्यापासून, की त्यात राहणाऱ्या माणसांपासून?

जांभाचिरा
पावसापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सोलापूर-लातूरच्या पट्ट्यात साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर. हे दोन आकडे फळ्यावर लिहून मुलांना आधी दोन छपरे काढायला सांगा आणि नावे मागाहून द्या.

आमच्या गावच्या घराचे उदाहरण देतो. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की तो हत्याराने तासून हव्या त्या मापाचा चिरा पाडता येतो आणि हवेत राहिला की तो कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात तो पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. परंतु हा दगड सच्छिद्र असतो आणि चार महिने सतत भिजणे त्याला मानवत नाही. म्हणून छप्पर भिंतीच्या पुष्कळ बाहेर येते, त्याखाली पडवी तयार होते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर अंगणात पडतात. मुले ज्या पडवीची व्याख्या पाठ करतात ती मुळात भिंतीची छत्री आहे आणि बसायला जागा हा तिचा वरकड लाभ आहे. हे एकदा कळले की व्याख्येची गरज उरत नाही.

माळवद
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मात्र कोकणातले घर पावसाला तोंड देते आणि आमच्याकडचे घर पावसाची फिकीर करत नाही, असा समज मुलांचा होऊ देऊ नये. आमच्याकडच्या घराची गाठ उन्हाशी असते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा फांद्या-चिपाडांचा थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती, असे माळवद रचले जाते. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या पांढरीची चिकण माती पाणी आत मुरू देत नाही, म्हणून ती छपरावर जाते. माळवदाला किंचित उतार देऊन पन्हाळीतून पाणी बाहेर काढतात. जाड भिंतींना बाहेरून खिडक्या जवळजवळ नसतात आणि उजेड येतो तो छपरात ठेवलेल्या साण्यातून. माझ्या आजोळी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास साण्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा जात्याच्या खुंट्यावर यायचा आणि आजी त्यावरून स्वयंपाकाची वेळ ठरवायची. पाऊस लागला की साण्यावर परात पालथी घालायचे काम आम्हा मुलांकडे असे.

उन्हाळ्यात रात्री हेच छप्पर निजायला असते आणि सुगीत वाळवणाला. त्यामुळे त्या विद्यार्थ्याचे ‘सपाट छप्पर आवडते’ हे उत्तर मला पूर्ण चुकीचे वाटत नाही. मी त्याला अर्धा गुण दिला असता.

सपरी
ताई, आपल्या चार रकान्यांत विदर्भ दिसला नाही. तो पाचव्या रकान्यात आहे की नेहमीप्रमाणे पुरवणीत?

रेघोटी
@सपरी : चूक मान्य आहे. पुरवणीत नाही, थेट मुख्य पानावर घेते. आपण मजकूर द्यावा.

@माळवद : जात्यावरच्या कवडशाची आठवण उद्याच वर्गात सांगणार आहे.

सपरी
मजकूर देतो. आमच्याकडे कौलाला कवेलू म्हणतात आणि घराच्या पुढच्या उघड्या भागाला सपरी. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात पाऊस चांगला असल्यामुळे छप्पर उतरते असते, पण तिथे कोकणासारखा जांभ्याचा चिरा हाताशी नाही. म्हणून भिंती मातीच्या किंवा कुडाच्या, म्हणजे काटक्यांवर माती लिंपलेल्या. उतरते छप्पर म्हणजे कोकण असे समीकरण मुलांच्या डोक्यात बसले असेल, तर ते मोडायला आमचे घर उपयोगी पडेल. छप्पर पावसाने ठरते आणि भिंत पायांखालच्या जमिनीने, असे दोन वेगळे प्रश्न मुलांना विचारावेत.

त्याचबरोबर नावांचा एक तक्ताही करून घ्यावा. घरात शिरताना लागणाऱ्या पहिल्या उघड्या जागेला कुठे ओसरी म्हणतात, कुठे सोपा, कुठे पडवी, कुठे सपरी.

जांभाचिरा
सिंधुदुर्गात त्यात ‘लोटा’ या शब्दाची भर घालावी. तिथल्या घरात खळ्यातून म्हणजे अंगणातून लोट्यावर आणि मग वळईत म्हणजे आतल्या खोलीत जातात. माझ्या पुण्याच्या एका मित्राला मालवणकडे ‘लोट्यावर बसा’ असे सांगितल्यावर तो काही क्षण पितळी भांडे शोधत होता.

कोनाडा
मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे मापाची बाजू मांडतो. देशावरचा वाडा शिकवायचा तर ‘खण’ या कल्पनेशिवाय तो कळत नाही. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. ते अंतर तुळईच्या लाकडाच्या लांबीने आणि ताकदीने ठरते, मालकाच्या हौसेने नव्हे. म्हणून साधे घर तीन खणांचे आणि सावकाराचा वाडा कितीतरी खणांचा असला तरी एकेक खण जवळपास त्याच मापाचा असतो. श्रीमंती खणाच्या रुंदीत नसते. ती खणांच्या आणि चौकांच्या संख्येत असते. ‘दोन खणांची जागा भाड्याने देणे आहे’ ही भाषा पुण्यात पुष्कळ काळ चालू होती. चौकटीच्या कागदावर एका चौकोनाला एक खण धरून मुलांकडून घराचा आराखडा काढून घेतला, तर ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि चौक आपोआप जागेवर पडतात. मी हा प्रयोग दोनदा केला असून दोन्ही वेळा मुलांनी स्वतःहून विचारले की मधला चौकोन रिकामा कशाला ठेवायचा. त्या प्रश्नापर्यंत त्यांनी स्वतः पोहोचावे, आपण आधी सांगू नये.

आणखी एक विनंती अशी की वाड्याचे उदाहरण म्हणून शनिवारवाड्याचे चित्र दाखवू नये. तो १७३२ चा आणि पेशव्यांचा. १९१० मध्ये एखादा कारकून किंवा तांबट ज्या वाड्यात दोन खण भाड्याने घेऊन राहत होता, तो वाडा आपल्याला शिकवायचा आहे.

हिशेबनीस
चर्चा रंजक आहे. तथापि, सहा तासिका या विषयाला देणे परवडणारे आहे का, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. शिवाय अशा प्रकल्पांचा शेवट बहुधा ‘जुने ते सोने’ या निबंधात होतो. जुन्या घरांविषयी हळवे होणाऱ्या प्रत्येकास माझा एकच प्रश्न असतो : पावसाळ्याच्या रात्री शौचास कुठे जावे लागत असे?

उंबरठ्याबाहेर
हिशेबनीस यांचा सूर मला पटला नाही, पण प्रश्न पटला, आणि तो पुढे नेतो. आतापर्यंतच्या प्रतिसादांत पाऊस, माती आणि लाकूड यांनी घर घडवले. परंतु एकाच गावात, एकाच पावसात, एकाच पांढरीच्या शेजारी पाटलाचा चिरेबंदी वाडा उभा होता आणि गावकुसाबाहेर कुडाची खोपटी उभी होती. हा फरक पाऊस सांगू शकत नाही. गावात घर कुठे बांधायचे, कोणत्या विहिरीचे पाणी भरायचे आणि कोणाच्या ओसरीची कोणती पायरी चढायची, हे जातीने ठरत होते. खुद्द वाड्याच्या आतही बाहेरच्या माणसाने ओसरीपर्यंत, ओळखीच्याने तिच्या आतल्या सोप्यापर्यंत आणि माजघराच्या पुढे फक्त घरच्यांनी जायचे, अशी उतरंड होती. माजघराच्या अंधारात बायकांचे आयुष्य जात असे. त्याला ‘उन्हापासून संरक्षण’ म्हणून पुढे जाणे बरोबर नाही.

आराखडा काढून झाल्यावर मुलांना त्यावर तीन रंगांच्या रेघा काढायला सांगाव्यात : घरची सून दिवसभर कुठे वावरत होती, पाहुणा कुठवर येत होता आणि मागच्या दाराने कोण येत होते.

कोनाडा
@उंबरठ्याबाहेर : तीन रेघांची सूचना मला अतिशय मोलाची वाटते. मी आराखडे काढायला लावत होतो, पण त्यात माणसे चालवली नव्हती. एक छोटा मतभेद मात्र नोंदवतो. खिडक्या नसण्यामागे सुरक्षितता आणि ऊन ही कारणेही खरी होती. ती पुसून टाकू नयेत.

उंबरठ्याबाहेर
पुसू नयेत, मान्य आहे. फक्त तीच पहिल्या क्रमांकावर आणि एकटी लिहिली जाऊ नयेत.

गॅलरीतला तिसरा
चाळीविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. मुले चाळ म्हटले की समोर लांब उघडी गॅलरी असलेली इमारत काढतात, कारण चित्रपटांत तशीच असते. आमच्या चाळीत मात्र मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशी रचना होती. त्या बोळात दिवसाही दिवा लागे. (माझे सदस्यनाव म्हणजे निव्वळ हौस आहे, हे यावरून कळेल.)

म्हणून माझी सूचना अशी की वर्गाबाहेर खडूने १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आयत आखावा आणि त्यात आठ मुलांना त्यांच्या दप्तरांसह उभे करावे. मग मोरी, चूल, पाण्याचे पिंप आणि अंथरुणांची वळकटी यांसाठी जागा काढायला सांगावे. आमच्या खोलीत वडील आणि दोन काका रात्रपाळी-दिवसपाळीप्रमाणे आळीपाळीने एकाच गादीवर झोपत.

आणि एक जोडी अवश्य शिकवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बरीच वर्षे राहिले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. चाळ आणि बंगला हे त्या काळातले दोन्ही नवे प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात.

हिशेबनीस
बंगल्याचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण या प्रकाराबद्दल मला आस्था आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने जो हाहाकार माजवला, त्यानंतर दाट पेठांतून बाहेर पडून मोकळ्या जागेत घर बांधण्याची इच्छा बळावली आणि पुढे डेक्कन जिमखान्यासारख्या वसाहतींत ती आकाराला आली. वाडा रस्त्याकडे पाठ करून आपल्या चौकाकडे पाहत बसतो; बंगल्याला मात्र चारही बाजूंनी खिडक्या आणि भोवती बाग असते. या बदलाचे श्रेय केवळ इंग्रजी फॅशनला देणे म्हणजे उंदीर आणि पिसवा यांच्यावर अन्याय आहे.

रेघोटी
@हिशेबनीस : सहा तासिका परवडतात का, असे विचारणाऱ्या सदस्याने आताच सातव्या तासिकेचा मजकूर दिला आहे, याची नम्र नोंद घेते.

जांभाचिरा
मूळ विषयाला धरूनच एक नवा मुद्दा मांडतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्याचे छप्पर उतरवले, तेव्हा एक मंगलोरी कौल पालथे करून पाहिले. खालच्या अंगाला कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत होते, कडेला अडकवण्यासाठी खाचा होत्या आणि एका कोपऱ्यात, बहुधा ओल्या मातीवर कुत्रे चालून गेल्यामुळे, पंजाचा अर्धा ठसा उमटला होता. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला. तिथून ही कौले गलबतांनी आमच्या बंदरांवर उतरत असत. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळीची कौले किंवा गवताची केंबळी छपरे असत आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारावे लागे. खाचेच्या कौलांनी ते काम पुष्कळ कमी केले.

याचा अर्थ असा की ‘कोकणचे पारंपरिक कौलारू घर’ म्हणून आपण जे लाल छप्पर दाखवतो, ते अर्धे मंगळूरचे आहे. मग त्या शैलीला प्रादेशिक म्हणायचे का?

माळवद
उत्तम प्रश्न आहे. आमच्याकडे बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यानंतर बाहेरचे लाकूड आणि लोखंड गावात येणे सोपे झाले. कोणते घर रेल्वेच्या आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सामानावरून ओळखण्याचा प्रयत्न मुलांना करता येईल.

कोनाडा
मग तक्त्याचा मथळाच बदलावा. ‘वैशिष्ट्ये’ ऐवजी ‘हे कुठून आले’ असा रकाना करावा. माती परसातून, दगड गावच्या खाणीतून, चुना घाणीवर मळून. सागवान काही वेळा थेट ब्रह्मदेशातून, कौल मंगळुराहून, रंगीत काचा समुद्रापलीकडून. बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यात जे मिळते त्याने घराचा सांगाडा ठरतो आणि त्यापलीकडून जे येते त्यावरून काळ आणि ऐपत कळते.

माळवद
एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माळवद शिकवताना ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप टाळू नये. पावसाआधी मातीचा नवा थर चढत गेला, जुना क्वचितच उतरवला गेला आणि काही घरांवर ही माती फूट-दोन फूट जाड झाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती त्या पहाटे ढासळल्या आणि वरचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. मात्र जिथे आतला लाकडी खणांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती बाहेर पडूनही छप्पर खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे आहेत. उन्हापासून वाचवणारी जाडीच जिवावर उठली, हे नववीच्या मुलांना झेपते. मी ते शिकवले आहे. वर्ग बराच वेळ शांत होता.

सपरी
ताई, प्रकल्पाचे पुढे काय झाले? धागा दुसऱ्या पानावर आला तरी मूळ प्रश्नाचे उत्तर लागले की नाही ते कळू द्यावे.

रेघोटी
उशिराबद्दल क्षमस्व, चार तासिका झाल्या आहेत. नावांपासून सुरुवात केली नाही. पहिल्या तासिकेत पावसाचे दोन आकडे दिले, दुसऱ्या तासिकेत खणांचा आराखडा आणि त्यावर तीन रंगांच्या रेघा. सुनेची रेघ काढताना एका मुलीने पेन न उचलता चूल, आड आणि माजघर यांच्यामध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की कागद फाटला. तो फाटलेला कागद मी तसाच भिंतीवर लावला आहे. तिसऱ्या तासिकेत खडूचा आयत आखला. आठ मुले मावली, पण पिंप कुठे ठेवायचे यावर त्यांचे भांडण जुंपले आणि शेवटी ते दारात ठेवायचे ठरले. दार कसे लावायचे, हे कोणालाच सुचले नाही.

चौथ्या तासिकेत दोन ट्रेमध्ये छपरांचे नमुने करून झारीने पाणी ओतले. पांढऱ्या चिकणमातीचे सपाट छप्पर गळणारच, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ते एका झारीला पुरून उरले. पुठ्ठ्याच्या कौलांचे उतरते छप्पर मात्र पहिल्याच मिनिटाला आतून ओले झाले. मुले माझ्याकडे पाहू लागली आणि मलाही कारण सांगता आले नाही.

जांभाचिरा
मुलांनी कौले आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, खाली लावत आणली असणार. तसे केल्यास खालच्या कौलाची कड वरच्याच्या अंगावर चढते आणि पाणी सरळ फटीत शिरते. वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, सुरुवात करून आढ्याकडे जायचे असते, म्हणजे वरचे कौल खालच्यावर बसते. आमच्याकडे नवख्या गड्याकडून पहिल्या दिवशी हीच चूक होते.

रेघोटी
तसेच झाले होते. सोमवारी पुन्हा लावतो.